०.६५ अंश, पण कशाहून? देशाच्या तापमानवाढीचा हिशेब

पावसाळ्यात कोल्हापूरकराला एक आकडा रोज लागतो. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा किती फूट किती इंचांवर आहे, हे सकाळच्या चहाबरोबर विचारले जाते आणि उत्तर मिळाल्यावर पुढे काही समजावून सांगावे लागत नाही. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. प्रयाग चिखली किंवा आंबेवाडीच्या माणसाला त्या आकड्यावरून जनावरे कधी हलवायची ते कळते, दुकानदाराला माल वरच्या फळीवर कधी चढवायचा ते कळते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ही पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती, आणि ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना तो आकडा आजही वेगळा आठवावा लागत नाही.

देशाच्या तापमानाचाही असाच एक आकडा दर जानेवारीत जाहीर होतो. भारतीय हवामान विभाग मागील वर्षाचा आढावा प्रसिद्ध करतो आणि त्यात देशाचे वार्षिक सरासरी तापमान दीर्घकालीन सरासरीपेक्षा किती अधिक वा कमी होते, हे सांगितलेले असते. जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाले, की २०२४ हे १९०१ पासूनचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले आणि तापमान सरासरीपेक्षा ०.६५ अंश सेल्सिअसने अधिक राहिले. ती बातमी वाचून दाखवली तेव्हा आमच्या नात्यातले, उभा जन्म उसाच्या शेतीत काढलेले एक काका म्हणाले, “एवढ्यानं काय हुतंय? सकाळी न् दुपारी पंधरा अंशांचा फरक पडतोय की.” त्यांचा प्रश्न मला मोलाचा वाटतो. पंचगंगेचा आकडा त्यांना लगेच उमगतो आणि देशाच्या तापमानाचा उमगत नाही, यात उणीव त्यांच्या समजुतीत नाही. तो आकडा कसा तयार होतो आणि कुठून मोजला जातो, हे कोणी त्यांना नीट सांगितलेलेच नाही.

सुरुवात मोजण्यापासून करू. हवेचे तापमान म्हणजे सावलीतले, वारा खेळत असलेल्या जागेतले तापमान. त्यासाठी वेधशाळेत लाकडी झरोक्यांची, पांढऱ्या रंगाची एक पेटी जमिनीपासून काही उंचीवर उभी केलेली असते. तिला स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात. तिचे दार आपल्याकडे उत्तरेला उघडते, म्हणजे वाचन घेताना ऊन आत शिरत नाही. आत दिवसाचे कमाल तापमान दाखवणारा एक आणि किमान तापमान दाखवणारा एक असे तापमापक असतात. सकाळी साडेआठ आणि सायंकाळी साडेपाच या वेळांची वाचने देशभर एकाच पद्धतीने घेतली जातात. आता अनेक ठिकाणी स्वयंचलित यंत्रेही आली आहेत, पण शिस्त तीच आहे: तीच जागा, तीच उंची, तीच वेळ, आणि हे पिढ्यान्‌पिढ्या.

ही शिस्त जुनी आहे. मद्रासच्या वेधशाळेत अठराव्या शतकाच्या अखेरीपासून तापमानाच्या नोंदी आहेत, तर भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ ची. त्याआधी निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या पद्धतीने होणाऱ्या नोंदी त्यानंतर एका साच्यात आल्या. विभागाचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आले आणि पुढे १९४४ मध्ये दिल्लीला गेले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजूनही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात ते त्यामुळेच, आणि देशाच्या हवामानाच्या दीर्घकालीन नोंदी सांभाळण्याचे काम आजही पुण्यातच चालते. देशव्यापी हिशेब १९०१ पासून मांडला जातो, कारण तेव्हापासून पुरेशा ठिकाणच्या, एकमेकींशी ताडून पाहता येतील अशा नोंदी उपलब्ध आहेत.

आता देशाची सरासरी. लडाखमधले अतिथंड द्रास आणि राजस्थानातले तापते चुरू, मुंबई आणि चेरापुंजी यांच्या तापमानांची बेरीज करून भागाकार केला, तर येणाऱ्या संख्येला फारसा अर्थ राहत नाही. त्यातून एखाद्या वर्षी डोंगरावरचे एखादे केंद्र बंद पडले, तर हवा तसूभरही न बदलता देशाची ‘सरासरी’ मात्र वाढलेली दिसेल. म्हणून शास्त्रज्ञ तापमानांची सरासरी काढत नाहीत, तफावतींची काढतात. पन्हाळा कोल्हापूर शहरापेक्षा सुमारे चारशे मीटर उंच आहे, त्यामुळे तिथली हवा शहरापेक्षा दोन-अडीच अंशांनी थंड असते. पण एखादा एप्रिल महिना नेहमीपेक्षा एका अंशाने तापला, तर तो शहरात आणि पन्हाळ्यावर जवळजवळ सारखाच तापलेला असतो. दोन्ही ठिकाणांची तापमाने वेगळी असली, तरी आपापल्या नेहमीच्या मानापासूनची तफावत बहुधा जुळते, आणि ही जुळणी शेकडो किलोमीटर अंतरापर्यंत बऱ्यापैकी टिकते. प्रत्येक केंद्राची तफावत त्याच्याच जुन्या सरासरीशी काढायची, नकाशावर अक्षांश-रेखांशांच्या चौकटी पाडून जवळच्या केंद्रांवरून प्रत्येक चौकटीची तफावत ठरवायची आणि मग साऱ्या चौकटींची सरासरी घ्यायची, असा हा हिशेब आहे. चौकटींमुळे आणखी एक गोष्ट साधते. जिथे केंद्रे दाट आहेत त्या भागाचे वजन उगीच वाढत नाही आणि जिथे ती विरळ आहेत तो भाग हिशेबातून गळत नाही.

चुका होतच नाहीत का? होतात, पण त्यांच्या दोन जाती आहेत आणि त्या वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. एखाद्या निरीक्षकाने कधी थोडे जास्त वाचले, कधी थोडे कमी, तर हजारो वाचनांच्या सरासरीत ते एकमेकांना खोडून टाकतात. एकाच दिशेने होणारी चूक मात्र अशी विरत नाही. केंद्र गावाबाहेरच्या माळावरून गावात हलले, उपकरण बदलले, किंवा केंद्र जागेवरच राहिले पण भोवती सिमेंटचे शहर उभे राहिले, तर नोंदीत कायमची पायरी किंवा खोटा चढ तयार होतो. तो शोधण्यासाठी आसपासच्या केंद्रांशी तुलना करतात: चार शेजारी एका तालात चालले असताना पाचवा एका विशिष्ट महिन्यापासून अचानक वेगळा वागू लागला, तर हवेऐवजी त्या केंद्रातच काही बदलले असावे, असे मानून तपास होतो. २९ मे २०२४ रोजी दिल्लीतील मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्रावर ५२.९ अंशांची नोंद झाली आणि काही तासांत ती देशभर पसरली. तपासणीनंतर हवामान विभागाने सांगितले, की तिथला संवेदक सुमारे तीन अंश जास्त दाखवत होता. देशातील मान्य विक्रम आजही राजस्थानातील फलोदीचाच आहे, १९ मे २०१६ रोजीचा ५१ अंशांचा. खळबळ उडवणारा आकडा क्षणात पोहोचतो आणि दुरुस्ती रेंगाळत येते, याचा त्रास मोजणाऱ्यांना नेहमीच होतो. पण ती दुरुस्ती त्यांनीच केली आणि जाहीरही केली, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

इथवरचे काम तंत्राचे आहे आणि ते चांगल्या हातांत आहे. लोकांपर्यंत पोहोचताना गोंधळ होतो तो पुढच्या पायरीवर, म्हणजे शून्य कुठे धरायचा यावर.

राजाराम बंधाऱ्याच्या मोजपट्टीचा शून्य जागचा हलत नाही, म्हणून आजोबांनी सांगितलेली पुराची पातळी आणि आजची पातळी आपण शेजारी ठेवून पाहू शकतो. समजा, दर दहा वर्षांनी कोणी तो शून्य एक फूट वर सरकवला, तर ४३ फूट पाणी ४२ वाचले जाईल. नदी तितकीच फुगलेली असेल, पण आकड्यावरून ती धोका पातळीखाली दिसेल. तापमानाच्या ‘सरासरीपेक्षा अधिक’ या शब्दांत असा सरकणारा शून्य दडलेला आहे. हवामानशास्त्रात ‘सरासरी’ म्हणजे सलग तीस वर्षांचे मान, आणि जागतिक हवामान संघटनेच्या संकेतानुसार ही तीस वर्षे दर दशकाला पुढे सरकतात. त्यामुळे १९८१ ते २०१० या आधारकाळाची जागा आता १९९१ ते २०२० या काळाने घेतली आहे. ही नवी तीस वर्षे आधीच्या तीस वर्षांपेक्षा उष्ण आहेत, म्हणजेच शून्य वर गेला आहे.

याचा परिणाम प्रत्यक्ष बातम्यांत पाहता येतो. २०१६ हे २०२४ च्या आधीचे सर्वांत उष्ण वर्ष. १९८१–२०१० च्या सरासरीशी मोजले, तेव्हा त्याची तफावत ०.७१ अंश सांगितली जात होती. २०२४ चा आढावा आला तेव्हा त्याच २०१६ ची तफावत ०.५४ अंश दिली गेली. दरम्यान २०१६ साल काही थंड झाले नव्हते. मुख्यतः आधारकाळ बदलला होता. त्याहून मोठा चकवा असा, की २०२३ ची तफावतही ०.६५ अंश म्हणूनच जाहीर झाली होती आणि २०२४ ची तफावतही ०.६५. दोन्ही बातम्यांची कात्रणे शेजारी ठेवली, तर दोन्ही वर्षे सारखीच तापली असे कोणालाही वाटेल. पण पहिला आकडा जुन्या शून्यापासून मोजलेला आहे आणि दुसरा वर गेलेल्या शून्यापासून, म्हणून २०२४ हे खरोखरच अधिक उष्ण होते. अधिकृत निवेदनात आधारकाळ स्पष्ट लिहिलेला असतो. मथळ्यापर्यंत येता येता तो गळून पडतो, आणि मग उरलेला आकडा पट्टी हरवलेल्या मापासारखा होतो.

सरकता शून्य ठेवतात तरी कशाला, असे कोणी विचारील. त्याला सबळ कारण आहे. शेतकऱ्याला, वीज मंडळाला, धरणाचे पाणी सोडणाऱ्या अभियंत्याला आजच्या हवामानात काय अपेक्षित आहे ते हवे असते, साठ वर्षांपूर्वी काय अपेक्षित होते ते नको असते. त्यांच्यासाठी ताजी सरासरीच उपयोगी. मात्र तापमान किती वाढले हे सांगण्यासाठी स्थिर शून्यच लागतो, आणि म्हणून जागतिक हवामान संघटनेनेच दीर्घकालीन बदलाच्या तुलनेसाठी १९६१ ते १९९० हा काळ वेगळा, न हलवता राखून ठेवला आहे. दोन कामांसाठी दोन शून्य, अशी ही व्यवस्था आहे. लोकांना मात्र एकच ‘सरासरी’ ऐकू येते. वर्तमानपत्रातल्या रोजच्या चौकटीत ‘कोल्हापूर: कमाल तापमान सरासरीइतके’ असे वाचले, की आपल्याला वाटते, म्हणजे लहानपणी होते तसेच. ती सरासरीही वर चढलेली असू शकते, हे त्या चौकटीत दिसत नाही.

शून्याचा हा घोळ टाळण्याचा एक मार्ग म्हणजे एकेका वर्षाऐवजी कल पाहणे. १९०१ पासूनच्या वार्षिक आकड्यांतून सरळ रेषा काढली, तर ती किती चढते हे आधारकाळ कोणताही धरला तरी बदलत नाही. हवामान विभागाच्या हिशेबाप्रमाणे १९०१ ते २०२४ या काळात देशाचे सरासरी तापमान शंभर वर्षांना ०.६८ अंश या गतीने वाढले आहे. त्यात कमाल तापमानाची गती ०.८९ अंश आणि किमान तापमानाची ०.४६ अंश आहे, म्हणजे देशाची सरासरी पाहता आपले दिवस रात्रींपेक्षा वेगाने तापले आहेत. एक वर्ष वर, एक खाली हे चालूच राहते. प्रशांत महासागरात एल निनो असला, म्हणजे तिथल्या विषुववृत्ताजवळचे पाणी नेहमीपेक्षा तापले, की आपल्याकडे वर्ष बहुधा अधिक तापते, आणि २०१६ व २०२४ ही दोन्ही वर्षे अशा एल निनोच्या पाठोपाठ आलेली आहेत. तेव्हा एखादे थंड वर्ष आले म्हणून वाढ थांबली असे होत नाही, आणि एका विक्रमी वर्षावरून वेग दुप्पट झाला असेही ठरत नाही.

सरळ रेषेतही एक अडचण आहे, ती सांगितली पाहिजे. ती सव्वाशे वर्षांचा चढ सारखा वाटून टाकते. प्रत्यक्षात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वाढ मंद होती आणि अलीकडच्या दशकांत ती वेगाने झाली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केंद्र सरकारसाठी तयार केलेला, भारतातील हवामानबदलाचा अहवाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार १९०१ ते २०१८ या काळात देश सुमारे ०.७ अंशाने तापला, पण १९८६ ते २०१५ या तीस वर्षांतली गती दर दशकाला सुमारे ०.१५ अंश होती. हाच वेग शंभर वर्षांना मांडला तर दीड अंश होतो, म्हणजे संपूर्ण काळाच्या गतीच्या दुपटीहून अधिक. त्याच तीस वर्षांत वर्षातल्या सर्वांत उष्ण दिवसाचे तापमान सुमारे ०.६३ अंशाने आणि सर्वांत थंड रात्रीचे सुमारे ०.४ अंशाने वाढले.

इथे हमखास एक प्रश्न येतो, आणि तो कोड्यात टाकणाराच आहे. जागतिक हवामान संघटनेने २०२४ चे जगाचे तापमान सुमारे १.५५ अंशाने वाढलेले सांगितले; मग भारताची वाढ निम्म्याहून कमी कशी? पहिले उत्तर पुन्हा शून्याचेच. जगाचा आकडा १८५० ते १९०० या काळापासून मोजतात आणि आपला हिशेब १९०१ नंतर सुरू होतो. शिवाय १.५५ हा एका वर्षाचा आकडा आहे, ०.७ हा दीर्घ काळाच्या कलावरून काढलेला. या दोहोंची थेट वजाबाकी करणे म्हणजे फुटांतून मीटर वजा करणे. दुसरे उत्तर आपल्या हवेत आणि आपल्या शेतांत आहे. धूर, धूळ, कोळशाच्या ज्वलनातून तयार होणारे सूक्ष्म कण सूर्यप्रकाशाचा काही भाग परतवतात आणि त्यामुळे कार्बन डायऑक्साइडसारख्या हरितगृह वायूंनी वाढवलेली काही उष्णता झाकली जाते. सिंचनाखालील जमिनीतून आणि पिकांतून पाणी वाफ होऊन जाताना हवेतली उष्णता घेते. भर एप्रिलच्या दुपारी पाणी पाजलेल्या उसाच्या बांधावरून चाललेल्या कोणालाही हा गारवा माहीत आहे.

पण हा दिलासा दिसतो तेवढा पक्का नाही. हवेतले कण काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत खाली बसतात किंवा पावसाबरोबर धुऊन जातात, तर कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शतकानुशतके हवेत राहतो. श्वासासाठी हवा स्वच्छ करायलाच हवी, आणि ती जसजशी स्वच्छ होईल तसतशी झाकलेली उष्णता उघडी पडेल. सिंचनाच्या गारव्याबरोबर दमटपणाही येतो. दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. तापमापकावर एक अंश कमी दिसला, तरी उसाची भांगलण करणाऱ्या बाईच्या अंगाला तो कमी जाणवेलच असे नाही.

आता काकांच्या प्रश्नाकडे. सकाळ-दुपारच्या पंधरा अंशांच्या फरकापुढे पाऊण अंशाची काय मातब्बरी? समजा, एखाद्या गावी मे महिन्याचे कमाल तापमान आपल्या सरासरीभोवती साधारण दोन अंशांनी खाली-वर होत असते. सरासरीहून चार अंश वर म्हणजे त्या गावासाठी फारच कडक दिवस. शंभरांत असे दोन-तीन दिवस येतील. आता फक्त सरासरी ०.७ अंशाने वर सरकवली आणि बाकी सारे तसेच ठेवले, तर त्याच जुन्या मर्यादेपलीकडचे दिवस शंभरांत सुमारे पाच होतात. सरासरी जेमतेम पाऊण अंश हलली आणि कडक दिवस दुप्पट झाले. पंचगंगेत कायम एक फूट पाणी अधिक राहू लागले, तर रोजच्या वाहत्या नदीकडे पाहून ते कोणाला कळणार नाही, पण ३९ फुटांची खूण मात्र पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक वेळा पाण्याखाली जाईल. काकांना हे उदाहरण दिले तेव्हा त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही, आणि हिशेब पोहोचल्याची ती खूण मी मानली.

सांगण्याच्या पद्धतींबद्दल थोडे. इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठाचे हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांनी २०१८ मध्ये लोकप्रिय केलेले रंगपट्ट्यांचे चित्र अनेकांनी पाहिले असेल: दर वर्षाला एक उभी पट्टी, थंड वर्षे निळी, उष्ण वर्षे लाल, आणि चित्रावर एकही आकडा नाही. डावीकडून उजवीकडे निळ्यातून गडद लालाकडे जाणारी नजर जे समजते ते समजायला शिक्षणाची अट नाही, आणि हे त्या चित्राचे मोठे बळ आहे. निळा कुठे संपवायचा आणि लाल कुठे सुरू करायचा हे ठरवताना त्यातही आधारकाळ निवडावाच लागतो, पण एकाच चित्रातली सारी वर्षे एकाच शून्यापासून रंगवलेली असल्याने तुलना बिघडत नाही. आपल्याकडे लोकांच्या ओळखीचे रंग आहेत ते अलर्टचे, म्हणजे यलो, ऑरेंज आणि रेड. ते पुढच्या काही दिवसांच्या हवेचे आहेत. त्या रंगांना आणि पट्ट्यांच्या रंगांना कोणी एकत्र समजू नये, यासाठी पट्ट्यांखाली वर्षे छापलेली बरी, असे माझे मत आहे.

माझे दुसरे मत असे, की जानेवारीतली बातमी देताना तीन गोष्टी कधीच वेगळ्या करू नयेत: आकडा, त्याचा शून्य आणि त्याच शून्यापासून मोजलेले दुसरे एखादे वर्ष. वर्तमानपत्राची जागा फार जाणार नाही. जानेवारी २०२५ ची बातमी अशी देता आली असती: “१९९१ ते २०२० या तीस वर्षांच्या सरासरीशी तुलना करता २०२४ साली देशाचे तापमान ०.६५ अंशाने अधिक होते. याच मापाने याआधीच्या सर्वांत उष्ण वर्षाची, २०१६ ची, तफावत ०.५४ अंश होती. आणि ज्या सरासरीशी ही तुलना केली आहे, ती सरासरी स्वतःच आधीच्या आधारकाळापेक्षा वर गेलेली आहे.”